विहिरीला पाणी किती आहे?

नाशिक,
रविवार, १८ जानेवारी २०२६

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, संक्रांतीला फोनवर तुम्ही सहज विचारलंत, "विहिरीला पाणी किती आहे गं?" आणि मी म्हटलं, "रेंज जातेय, नंतर बोलते." रेंज कुठेही जात नव्हती. मी गच्चीवर उभी होते, चिनू शेजारी मांजा गुंडाळत होता आणि त्याने माझ्याकडे असं बघितलं की मला खाली जावंसं वाटलं.

फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही "बरं, असू दे" म्हणून फोन आईकडे दिला असतात. मलाही सुटल्यासारखं झालं असतं. म्हणून पत्र लिहितेय.

विहीर बुजवली. घर पाडलं त्याच महिन्यात. आणि ना हरकतीच्या कागदावर सही माझी आहे.

मुखत्यारपत्र तुम्ही दिलंत ते 'पोरगी बँकेत आहे, कागद नीट बघेल' या भरवशावर. बघितले ना मी. चटईक्षेत्र, भाड्याचे चेक, ताबा लांबला तर दंड, लिफ्टची वॉरंटी, सगळं पेन्सिलने खुणा करून बघितलं. हा एकच कागद नंतर आला. बिल्डरचा साइटवरचा माणूस दुपारी बँकेखाली आला, मी डबा अर्धा टाकून खाली उतरले. माझ्याच स्कूटीच्या सीटवर कागद ठेवून तो म्हणाला, "मॅडम, विहीर ठेवली तर दोन गाड्यांचं पार्किंग जातं. शिवाय डास, डेंग्यू, लहान पोरं. बाकीच्या तिघांनी केली सही." मी विचारलं, त्या जागी काय येणार? म्हणाला, "पार्किंग नंबर तीन. तुमचंच." अडीच वाजता ऑडिटची मीटिंग होती. सही केली. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही, शोधून पाहिलं.

भरावही बाहेरून आणला नाही त्यांनी. आपल्याच घराचा राडारोडा. आईचा कडाप्प्याचा ओटा, तुमच्या खोलीची भिंत, देवघराच्या फरश्या, सगळं त्या छत्तीस फुटांत गेलं. अख्खं घर विहिरीत गेलं म्हणा ना. मी तेव्हा बघायलाही गेले नाही. समोरच्या काकूंनी सांगितलं की पहिल्या दोन ट्रॉल्या पडल्या तेव्हा खालून पाण्याचा आवाज आला.

हे तेव्हाच सांगायला हवं होतं. राहत गेलं. मग नोव्हेंबरात तपोवनाचं प्रकरण झालं. पुढच्या वर्षीच्या सिंहस्थात साधुग्राम करायचं म्हणून तिथली अठराशेच्या आसपास झाडं काढण्याचा प्रस्ताव आला आणि कधी नव्हे ते अख्खं नाशिक रस्त्यावर उतरलं. शाळेतली पोरं, डॉक्टर, रिक्षावाले, सगळे. मीही गेले. एका झाडाला मिठी मारली, चिनूने फोटो काढला, तो मी फॅमिली ग्रुपवर टाकला. आई, तू त्यावर तीन अंगठे आणि एक फूल पाठवलंस. ते अंगठे बघितले आणि पहिल्यांदा वाटलं की हे आता सांगून टाकलं पाहिजे. माझ्या शेजारी उभी असलेली बाई तळमळून सांगत होती, "आपलं आपण नाही वाचवायचं तर कोणी?" मी मान हलवत होते!

बाबा, तुमची विहिरीची वही माझ्याकडे आहे. घर रिकामं करताना माळ्यावरच्या ट्रंकेत मिळाली, निळ्या पुठ्ठ्याची. दर महिन्याच्या एक तारखेला गाठी मारलेली दोरी सोडून तुम्ही पाणी मोजायचात, मी कठड्यापासून दोन पावलं लांब वही धरून उभी असायचे आणि तुम्ही आकडा सांगून म्हणायचात, "लिही." १ मे १९८७ ची नोंद माझ्या अक्षरात आहे: '९ फुट. पाणि गोड.' दोन्ही चुका तुम्ही लाल पेनाने दुरुस्त केल्यात. त्या साली दुष्काळ होता आणि कॉलनीतल्या निम्म्या बायका आपल्या रहाटावर यायच्या, हे मला आठवतं. आईला चहा करून करून वैताग यायचा, तेही आठवतं.

मागच्या आठवड्यात ती वही पहिल्या पानापासून वाचली. पाण्याचे आकडे डावीकडे, आणि उजवीकडे तुमच्या बारीक शेऱ्यांची रांग. '१९९४, समोर बोअर घेतली, १८० फूट.' '१९९९, मागच्या बाजूला बोअर, २६० फूट.' '२००४, पटांगणात इमारत. अंगण पूर्ण फरशी.' '२००९, गल्ली काँक्रीट.' शेरा आला की पुढच्या दोन-तीन उन्हाळ्यांत डावीकडचा आकडा उतरतो. तुम्ही कुठेही 'म्हणून' असं लिहिलेलं नाही. पाटबंधाऱ्यातला माणूस, मोजमाप लिहिणार आणि गप्प बसणार. मे २०१६ ला दीड फूट, 'गढूळ'. त्या उन्हाळ्यात शहरभर पाणीकपात होती, आठवतं ना.

लहानपणी तुम्ही सांगायचात ते आता कळतं. आपल्याखाली काळा पाषाण. त्याच्या पोटात पाणी राहत नाही, राहतं ते वरच्या मुरमात आणि दगडाच्या भेगांत. पावसाळ्यात मुरूम पोटभर प्यायला तर तोच उन्हाळ्यात विहिरीला पाजतो. आम्ही काय केलं, तर मुरमाचं तोंड बंद केलं. वर डांबर, काँक्रीट, पेव्हर ब्लॉक, आणि खालून चारशे फुटांचा पाइप टाकून उरलंसुरलं ओढायचं. पडणारा पाऊस गटारात. मग तेच पाणी सराफ बाजारात शिरलं की आम्हीच मोबाइलवर व्हिडिओ काढतो. सरस्वती नाला किती वर्षं झाकून ठेवलाय, मोठा पाऊस आला की तो आपली जागा मागतो.

१९९१ च्या जनगणनेत साडेसहा लाखांचं नाशिक २०११ मध्ये १४ लाख ८६ हजारांवर गेलं. त्यानंतर जनगणनाच झाली नाही, पण पाथर्डी फाट्याला संध्याकाळी सातला उभं राहिलं की डोळ्यांनी मोजता येतं. आडगाव, मखमलाबाद, म्हसरूळ सगळीकडे तेच. मखमलाबादेत जिथे आपण द्राक्षं घ्यायला जायचो तिथे इमारती झाल्यात. बाग काढली, इमारतीला नाव मात्र द्राक्षाचंच ठेवलंय. सारूळकडचे डोंगर खडीसाठी कुरतडून काढलेत. २०२१ मध्ये तर ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी जेसीबी लागले, तेव्हा कुठे बोंब झाली. गोदावरी जिथे उगम पावते तोच डोंगर! मी तेव्हाही तावातावाने बोलले होते. आपल्या इमारतीची खडी कुठून आली हे मी बिल्डरला विचारलं नाही.

लोकांनी यायलाच नको होतं, असं म्हणायला मी कोण? आपणही आलोच की. आजोबा सिन्नरहून आले, तुम्ही नोकरीला लागलात, सातपूर-अंबडच्या कारखान्यांवर निम्मं शहर जगलं. आज येणारा पोरगा नंदुरबारहून येतो, पेठ-सुरगाण्याहून येतो, त्याला तिथे काम नाही. त्याने कुठे राहायचं? राग येतो तो याचा, की माणसं येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि तरी आधी इमारत, मग रस्ता, मग पाण्याची लाइन, आणि मैल्याचं काय ते सगळ्यात शेवटी, असाच उलटा क्रम लागला.

तो मैला आपल्या दारावरून जातो. आई, तू ज्या नासर्डीत आखाडाआधी गोधड्या धुवायचीस तिच्या पुलावर आता 'नंदिनी' अशी पाटी आहे. नाव छान आहे. खिडकी मात्र उघडवत नाही. पावसाळा सोडला तर तिच्यात वाहतं ते आमच्या बाथरूमांतलं आणि कारखान्यांकडचं, काही ठिकाणी वर साबणासारखा फेस. टाकळीला ती गोदावरीला मिळते. तिथे मलनिस्सारण केंद्र आहे, नाही असं नाही. पण शहरातली जुनी केंद्रं बीओडी ३० च्या मापाने बांधलेली, आणि आता निकष १० चा. (बाबा, बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते त्याचं माप, ते आईला तुम्ही समजावा. मी एकदा समजावलं तर ती म्हणाली, "म्हणजे घाणच ना?") गोदावरीच्या प्रदूषणावर २०१२ मध्ये जनहित याचिका झाली, उच्च न्यायालयाने किती वेळा आदेश दिले, तरी उन्हाळ्यात पाणवेलींचा हिरवा गालिचा ठरलेला. पाणवेली म्हणजे मैल्याचंच पीक, खत आपण घालतो.

डिसेंबरात चिनूला गोदावरीवरच खाली नांदूर मध्यमेश्वरला घेऊन गेलो होतो. राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जगाने महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा, २०२० ला जाहीर झालं, तुम्ही कात्रण पाठवलं होतंत. पक्षी भरपूर होते. चक्रवाक दिसले, दूरवर रोहित दिसले, चिनू दुर्बीण सोडेना. दुर्बीण देणाऱ्या गाइडला मी विचारलं, पाणी कसं आहे? तो हसला आणि म्हणाला, "ताई, तुमच्याकडनंच येतं ना." चिनू विचारत राहिला, काय म्हणाला ते काका? मी म्हटलं, काही नाही.

आणि रामकुंड. २००३ च्या सिंहस्थाच्या तयारीत गोदापात्रात काँक्रीट ओतलं, जुनी कुंडं त्याखाली गेली, तेव्हा तुम्ही जेवता जेवता ताट सरकवून म्हणाला होतात, "नदीच्या तळाला कोणी फरशी बसवतं का? ती काय न्हाणी आहे?" तळातले झरे बंद झाले की नदी उसन्या पाण्यावर जगते, वरून धरणातून सोडलं की गोदावरी, नाही तर डबकं, असं तुम्ही सांगत होतात. मी तेव्हा पंचविशीची. मला वाटलं होतं की अधिकाऱ्यांना एवढी साधी गोष्ट कशी कळत नाही. आता वाटतं, त्यांच्यातल्याही कोणाची तरी अडीच वाजता मीटिंग असेल.

विहीर गेल्यावर काय झालं तेही सांगते. ताबा एप्रिलमध्ये मिळाला. नव्या बोअरने मेच्या पहिल्या आठवड्यात हवा सोडली. तेव्हापासून पाऊस पडेपर्यंत आठवड्याला दोन टँकर. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार म्हणतात, इथे आडच बुजवलाय आणि पोहरा दहा हजार लिटरचा, चाकांवर येतो. तो रात्री अकराला येऊन मोटार लावतो, तासभर घरघर. तो पाणी कुठून आणतो? आडगावच्या पलीकडच्या कोणाच्या तरी शेतातल्या विहिरीतून. तिथलाही कोणी वही लिहीत असेल का, असं मला त्या आवाजात वाटत राहायचं.

उकाड्याचं काय सांगू. पूर्वी एप्रिलातही पहाटे पांघरूण लागायचं आपल्याला. आता मागच्या इमारतीचे अकरा एसी आपल्या बेडरूमकडे तोंड करून आहेत. आई, पाडव्याला येशील तेव्हा तुझ्या खोलीला पडदे जाड केलेत, पण एसी लावावा की नाही ते तू ठरव. आपला बारावा होईल, आणि त्याचं तोंड काकूंच्या खिडकीकडे.

सगळंच वाईट नाही हो. उंटवाडीच्या म्हसोबाचा वड उभा आहे. उड्डाणपुलासाठी त्याच्यावर कुऱ्हाड येणार होती, लोक आडवे झाले, वाचला. घंटागाडी रोज येते, ओला-सुका वेगळा दिला नाही तर ताई ओरडते, अगदी चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल असं. नासर्डीच्या भिंतीवर खंड्या बसतो अजून, काय खातो देव जाणे.

आता ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला बसले ते.

मागच्या पावसाळ्यात, जुलैत असेल, पार्किंग नंबर तीनमधले पेव्हर ब्लॉक खचायला लागले. आधी बशीएवढे, मग परातीएवढे, ऑगस्टमध्ये तर गाडीचं मागचं चाक वीतभर खाली. भराव बसला, दुसरं काय. सोसायटीत आरडाओरडा झाला. पण मी एक बघितलं. एके दिवशी दुपारी धो धो पाऊस झाला, मागच्या अख्ख्या पार्किंगचं पाणी त्या खळग्यात उतरलं, घोटाभर तळं झालं. मी संध्याकाळी बँकेतून आले तर सगळीकडे पाणी साचलेलं आणि तिथे फक्त ओलसर माती. दुसऱ्या दिवशी छत्री घेऊन उभी राहिले, मुद्दाम. एका ब्लॉकच्या सांध्यातून बुडबुडे येत होते आणि पाणी चक्राकार खाली जात होतं. बाबा, ती अजून पितेय. आपल्याच घराच्या विटा तोंडात कोंबलेल्या असताना पितेय.

तर सेक्रेटरींनी विषयपत्रिका काढलीय. ८ फेब्रुवारी, रविवार, सकाळी दहा. विषय क्रमांक ४: 'पार्किंग क्र. ३ येथील खचलेली जागा काँक्रीटने पक्की करणे.' बहुतेकांचं मत तेच आहे आणि त्यांचं चूक आहे असंही नाही, खड्ड्यात कोणाचा पाय मुरगळला तर?

मी दुसरा ठराव मांडणार आहे. काँक्रीट नको, खोदून निदान वरचा दहा-बारा फूट भराव काढायचा, त्यात दगड-खडी-वाळूचे थर आणि गच्चीचं पाणी पाइपने तिथे सोडायचं. फक्त गच्चीचं. पार्किंगचं नाही, कारण गाडीच्या तेलाचं तुम्ही विचारणार हे मला माहीत आहे. हिशेब केलाय: गच्ची २८० चौरस मीटर, पाऊस ७०० मिलिमीटर धरला, पाचवा हिस्सा वाया गेला असं मानलं तरी दीड लाख लिटरच्या वर. पंधरा टँकर. ते सगळं आपल्यालाच परत मिळेल असं नाही, मुरमात कुठे जाईल कोण जाणे, समोरच्या बोअरलाही जाईल. ५०० चौरस मीटरच्या वरच्या प्लॉटला पावसाचं पाणी जिरवणं सक्तीचं आहेच. आपल्या प्लॅनवर त्याचा खड्डा दाखवलाय, प्रत्यक्षात कोपऱ्यात चार फुटांचं एक भोक आहे आणि त्यात कोणीतरी गुटख्याच्या पुड्या टाकतं.

फ्लॅट तुमच्या नावावर, मत तुमचं. मुखत्यारपत्राची मुदत डिसेंबरात संपली आणि ते नव्याने करून मागण्याची माझी हिंमत नाही. ठरावाचा मसुदा सोबत जोडलाय, पान दोनवर सहीची जागा आहे. दादा कुरिअर करेल. तुम्ही चष्मा लावून, सावकाश, सगळं वाचा. खोली, थर, पाइपचा व्यास, जे खटकेल ते लाल पेनाने दुरुस्त करा. आणि मग वाटलं तरच सही करा.

एक विचारायचं होतं. वहीत पहिल्या पानावर तुम्ही विहिरीचं चित्र काढलंय, त्यात १९ फुटांवर ईशान्येला बाण करून 'झरा' लिहिलंय, आणि त्याच्या खाली आणखी एक बाण आहे, त्याच्यापुढचं अक्षर पाण्याने फुटलंय. 'दुसरा' आहे की 'दगड' आहे? खोदणाऱ्याला सांगायला लागेल.

आईच्या गुडघ्याला थंडीत जपा. वहिनीला आणि दादाला नमस्कार.

तुमची,
माई

ता. क. आई, कढीपत्त्याचं झाड पाडकामात गेलं, हेही सांगायचं होतं. पण काकूंकडे त्याचंच पिल्लू निघालंय, त्यांनी कुंडीत लावून दिलं. तीन पानं आलीत. रहाटाची कप्पी भंगारवाल्याकडे जाता जाता वाचली, ती तुझ्या खिडकीत ठेवलीय, कुंडीखाली.